पेटीतल्या तबकड्या



गेल्या वर्षभरात बिदर व कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमेवरील खेड्यांतून एकच गाऱ्हाणे निरनिराळ्या मुखांनी आमच्या कानी येत आहे. लग्नाची डीव्हीडी लागत नाही. कोठे चित्र मध्येच गोठते व पडद्यावर चौकोनच चौकोन दिसू लागतात. कोठे यंत्र तबकडी थोडा वेळ फिरविते आणि निमूटपणे बाहेर ढकलते. कोठे तबकडी जशीच्या तशी आहे, परंतु ती लावावयाचे यंत्र केव्हाच भंगारात गेले आहे. गाऱ्हाणे सांगणारा मनुष्य पुढे बहुधा आणखी एक वाक्य बोलतो, आणि ते बोलताना त्याचा आवाज खाली येतो. "त्यात आमचे वडील आहेत," असे तो म्हणतो. वडील आता कबरस्तानात विसावले आहेत. त्यांचे चालणे, हसणे, मांडवाच्या तोंडाशी उभे राहून पाहुण्यांस "या, बसा" म्हणणे, हे सर्व त्या तळहाताएवढ्या तबकडीत राहून गेले आहे. म्हणून ह्या आठवड्याचे सदर आम्ही त्या तबकडीसाठी राखून ठेविले आहे.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. आपल्याकडे लग्नाचे शूटिंग आधी व्हीएचएस कॅसेटवर होत असे. ही कॅसेट १९७६ साली जपानात निघाली. पुढे १९९६ साली त्याच देशात डीव्हीडी विक्रीस आली आणि काही वर्षांतच आपल्या तालुक्याच्या गावांतील स्टुडिओवाल्यांनी कॅसेट सोडून तबकडी धरली. पुष्कळ कुटुंबांनी जुन्या कॅसेटी स्टुडिओत नेऊन डीव्हीडीवर उतरवून घेतल्या आणि कॅसेटी टाकून दिल्या. आता काळजी मिटली असे त्यांस वाटले. कॅसेट लावावयाची यंत्रे करणाऱ्या शेवटच्या जपानी कारखान्याने २०१६ च्या जुलैत ते काम बंद केले, तेव्हा कॅसेटीचा मार्ग जवळजवळ मिटल्यासारखाच आहे. परंतु तबकडीवर आल्याने काळजी मिटत नाही.

बाजारात चित्रपटाची जी डीव्हीडी मिळे, ती कारखान्यात साच्याने दाबून काढलेली असे. आपल्या लग्नाची तबकडी तशी नव्हे. तिच्यात पारदर्शक प्लास्टिकच्या दोन पातळ चकत्यांमध्ये एका सेंद्रिय रंगाचा थर असतो. स्टुडिओतील यंत्र लेसरच्या किरणाने त्या रंगावर सूक्ष्म डाग पाडते, आणि आपले चित्र व आवाज म्हणजे हेच डाग होत. रंगाचा स्वभाव आपल्या घरातील लुगड्यालाही ठाऊक आहे. ऊन, उष्णता आणि ओल लागली की तो विटतो. आपल्याकडे वैशाखात पारा चाळिशी ओलांडून पुढे जातो, घरावर पत्रे असतात, पत्र्याखाली लोखंडी पेटी असते आणि पेटीत साड्यांच्या तळाशी तबकडी असते. पावसाळ्यात त्याच पेटीत ओल शिरते. इतके सोसून जी तबकडी अजून चालते, तिने आपल्यावर उपकारच केले म्हणावयाचे. पण तिच्या चांगुलपणावर किती वर्षे विसंबावे?

कोणी म्हणेल, एवढ्या घरगुती गोष्टीची काय एवढी मातबरी? त्यांस आम्ही देशाचेच उदाहरण देतो. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' दाखविल्यापासून बोलपट येईपर्यंत ह्या देशात तेराशेहून अधिक मूकपट निघाले. त्यांतील जेमतेम तीसएक आज शिल्लक आहेत, आणि त्यांतलेही पुष्कळसे तुकड्यातुकड्यांनीच. चित्रपट जतन करण्यासाठी सरकारने पुण्यास १९६४ साली संग्रहालय काढले, तोवर फार उशीर झाला होता. ज्या चित्रांसाठी लोकांनी तिकिटे काढून गर्दी केली त्यांची ही गत. मग भालकी, औराद किंवा आळंद तालुक्यातील एका वाडीवरच्या लग्नाची फीत कोणते संग्रहालय सांभाळणार? ती सांभाळणारे कुटुंबच. कुटुंबाने हात आखडला, तर दुसरा कोणी येणार नाही.

आणखी एक कारण आहे, आणि ते आपल्या भागापुरतेच आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैद्राबाद राज्याची वाटणी झाली, तेव्हा जुना बिदर जिल्हाही दुभंगला. उदगीर, निलंगा पलीकडे मुंबई राज्यात गेले. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद अलीकडे म्हैसूर राज्यात आले. नकाशावर रेघ पडली, सोयरिकी मात्र रेघ ओलांडूनच होत राहिल्या. म्हणून आपल्या घरच्या लग्नात मराठी सुरू होते, मध्येच कन्नड येते, आचाऱ्याशी दखनी चालते, आणि एकाच मांडवात कोणी 'आजी' म्हणते तर कोणी 'अव्वा'. हे बोलणे पुस्तकात सापडत नाही आणि शहरात वाढलेल्या आपल्या नातवंडांच्या तोंडून ते जात चालले आहे. ते जेथे आहे तेथे ते त्या तबकडीच्या आवाजात आहे.

आता उपायाकडे वळू. हा उपाय खर्चाचा नाही, हे आधीच सांगतो. संगणकावर जी कामे होतात ती करविणाऱ्या आज्ञावलीस सॉफ्टवेअर म्हणतात. पुष्कळ सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागते आणि ते आतून कसे चालते हे विकणारा कोणास दाखवीत नाही. परंतु जगात असेही लोक आहेत की जे आपले सॉफ्टवेअर मूळ मजकुरासह सर्वांस खुले करून ठेवितात. कोणीही ते वापरावे, तपासावे, सुधारावे आणि शेजाऱ्यास द्यावे. ह्यास 'मुक्त स्रोत' किंवा 'ओपन सोर्स' म्हणतात. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी ह्या विचाराची चळवळ आरंभिली. केरळातील सरकारी शाळांची मुले कित्येक वर्षे अशाच मुक्त प्रणालीवर संगणक शिकत आली आहेत. तेव्हा फुकट म्हणजे हलके, असा समज कोणी करून घेऊ नये. विहिरीचे पाणी विकत मिळत नाही म्हणून त्याने तहान भागत नाही काय?

आपल्या कामासाठी अशी चार-पाच साधने पुरेत. पहिले व्हीएलसी. रस्त्याच्या कामावर ठेवतात तसला नारिंगी शंकू ही त्याची खूण. पॅरिसच्या एका अभियांत्रिकी विद्यालयातील विद्यार्थ्यांनी १९९६ साली हे काम हाती घेतले आणि २००१ साली ते सर्वांस मुक्त झाले. तबकडी लागते की नाही, हे पाहावयास हे उत्तम. दुसरे हँडब्रेक. त्याचे नाव गाडीच्या ब्रेकचे असले तरी काम रूपांतराचे आहे. एरिक पेटिट ह्यांनी ते २००३ साली सुरू केले. त्याच्या पोटात एफएफएमपेग नावाचे दुसरे मुक्त साधन राबते, ते फाब्रिस बेलार ह्या फ्रेंच संगणकज्ञाने २००० साली आरंभिले. तिसरे शॉटकट, ते कापाकापी, जोडणी आणि चित्रावर अक्षरे लिहिण्यासाठी. चौथे लॉसलेसकट, ते केवळ कापण्यासाठी. आणि तबकडी फारच बिघडली असेल तर जीएनयू डीडीरेस्क्यू, त्याविषयी पुढे सांगू. ही साधने उतरवून घेताना मात्र ती ज्यांची त्यांच्याच संकेतस्थळावरून घ्यावी. २०१७ च्या मे महिन्यात चोरांनी हँडब्रेकच्याच एका वितरणस्थळी शिरून मॅक संगणकासाठीची फाइल बदलली व तेथे घातक फाइल ठेविली होती. काही दिवसांत ते उघडकीस आले. मूळ ठिकाणीही एवढे जपावे लागते, मग भलत्याच ठिकाणाहून घेणाऱ्याने किती जपावे!

यंत्राचे म्हणाल, तर नव्या लॅपटॉपला तबकडीचा खण नसतो. यूएसबीने जोडावयाचा सुटा डीव्हीडी ड्राइव्ह बाजारात मिळतो. एका गावास एक पुरे, आणि तो आळीपाळीने वापरता येईल. कोणाच्या घरी जुना संगणक पडून असेल तर त्याचा खण अजून शाबूत असेल; तो आधी पाहावा.

आता पहिला नियम सांगतो, आणि वाचकांनी बाकी सर्व विसरले तरी हा विसरू नये. आधी तबकडीची जशीच्या तशी नक्कल. रूपांतर व कातरकाम त्यानंतर. उत्साही तरुण ह्याच्या उलट करितात. ते तबकडी लावतात, लगेच तिची लहान फाइल करितात, नको वाटलेले कापतात, मोबाइलवर पाठवून देतात आणि काम झाले म्हणतात. त्या दिवसापासून मूळ तबकडी पेटीत परत जाते, आणि पुढे ती मेली की हातात उरते ती केवळ ती बारीक केलेली, कापलेली फाइल.

नक्कल करण्यापूर्वी तबकडी पुसावी. मऊ, कोरड्या सुती कापडाने मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसावे. ताटासारखे गोल गोल पुसू नये, कारण गोल ओरखडा वाचणाऱ्या किरणाच्या मार्गातच पडतो. मग संगणकात घालून तबकडी उघडावी. आत 'व्हिडिओ टीएस' नावाचा फोल्डर दिसेल. त्यात तीन जातींच्या फाइली असतात. व्हीओबी नावाच्या मोठ्या फाइलींत चित्र व आवाज असतो. आयएफओ नावाच्या लहान फाइलींत कोणता भाग कोठे आहे ह्याची अनुक्रमणिका असते. आणि बीयूपी ही त्या अनुक्रमणिकेचीच राखीव प्रत. हा फोल्डर संपूर्ण उचलून संगणकात ठेवावा, त्यातील एखादीच फाइल नव्हे. एका थराच्या तबकडीत ४.७ जीबी मजकूर मावतो. म्हणजे ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हवर सहा भरलेल्या तबकड्या राहतात आणि १ टीबीच्या हार्ड डिस्कवर दोनशेच्या वर. साऱ्या गावाची लग्ने एका खिशात मावतील! जुन्या पद्धतीने तयार केलेल्या पेन ड्राइव्हवर ४ जीबीहून मोठी एकसंध फाइल राहत नाही. परंतु व्हीओबी फाइली प्रत्येकी १ जीबीच्या आतच असल्याने फोल्डर म्हणून नक्कल केल्यास ही अडचण येत नाही.

नक्कल करताना संगणक मध्येच अडला, तर तबकडी दहा वेळा काढघाल करून तिचा छळ करू नये. येथे डीडीरेस्क्यूचे काम. हे लिनक्स प्रणालीवर चालते, आणि लिनक्स तर संगणकात काहीही न बसविता पेन ड्राइव्हवरूनही सुरू करता येते. ह्या साधनाची रीत शहाण्या शेतकऱ्यासारखी आहे. पाऊस येण्याची भीती असेल तर तो उभ्या पिकातील चांगले आधी काढून घेतो आणि आडवे पडलेले मागून वेचतो. तद्वत् हे साधन सहज वाचता येणारा भाग आधी उतरविते आणि मग दुखऱ्या जागांकडे पुन्हा पुन्हा वळते. कोठपर्यंत काम आले ह्याची नोंद ते एका फाइलीत ठेविते. म्हणून वीज गेली तरी दुसऱ्या दिवशी तेथूनच पुढे जाता येते. आपल्या भागात हा गुण लहान नव्हे. दोन तासांच्या लग्नातील पाच मिनिटे गेली तरी एकशे पंधरा मिनिटे वाचतात.

नक्कल हाती आली की रूपांतर. हँडब्रेक उघडून त्यास तो संपूर्ण फोल्डर दाखवावा. आतील भाग ते आपण होऊन ओळखते. येथे दोन गोष्टी समजून घेतल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट चित्राच्या ओळींची. आपल्याकडील डीव्हीडीचे चित्र ७२० बिंदू रुंद व ५७६ ओळी उंच असते आणि सेकंदास २५ चित्रे असतात. परंतु जुन्या कॅमेऱ्याने प्रत्येक चित्र दोन फेऱ्यांत घेतलेले असते. आधी एक आड एक ओळी, मग मधल्या राहिलेल्या ओळी. पेरणी करताना एकदा विषम तासे पेरली व परत येताना सम तासे पेरली, तसे. जुन्या टीव्हीस ही रीत ठाऊक होती. आजचा मोबाइल मात्र दोन्ही फेऱ्या एकदम दाखवितो, आणि दोहोंच्या मध्ये नवरी हलली असेल तर तिच्या पदराच्या कडेला फणीचे दात दिसतात. हँडब्रेकमध्ये ह्यावर 'डीइंटरलेस' नावाची सोय आहे. ती चालू करावी.

दुसरी गोष्ट दर्जाची. तेथे 'आरएफ' नावाचा एक आकडा असतो. तो जितका लहान तितके चित्र चांगले व फाइल मोठी. डीव्हीडीसाठी १८ ते २२ च्या दरम्यान ठेवावा. २० ठेविला तर बहुधा कोणाची तक्रार येत नाही. चित्राचा आकार मोठा करण्याच्या मोहात पडू नये. ५७६ ओळींत जे टिपले गेले नाही ते १०८० ओळी केल्याने उगवत नाही. तयार होणारी एमपी४ फाइल मोबाइल, टीव्ही, संगणक सर्वांवर चालते. जुन्या संगणकावर ह्या कामास कित्येक तास लागतात. रात्री लावून झोपावे आणि सकाळी पाहावे. प्रत्येक रूपांतरात थोडे काही जातेच, हे मात्र ध्यानात असावे. पीठ एकदा चाळले की कोंडा परत येत नाही. चाळलेले पुन्हा चाळले तर आणखी जाते. म्हणून पुढे कधीही नवे रूपांतर करावयाचे झाल्यास ते आधीच्या एमपी४ वरून न करिता मूळ नकलेवरून करावे. जी नक्कल प्रथम करण्यास सांगितले, तिचा उपयोग हा.

आता कातरकाम. कापल्यावर चित्र कधी कधी का फाटते, हे आमच्या नोंदवहीच्या उदाहरणाने सांगू. बाप्तिस्म्याच्या जुन्या वहीत लिहिणारा एकदा गावाचे नाव पूर्ण लिहितो आणि खालच्या ओळींत 'वरीलप्रमाणे' म्हणून सोडतो. डीव्हीडीही तसेच करिते. एक चित्र पूर्ण लिहिते आणि पुढील चित्रांत काय बदलले तेवढेच टिपते. आपल्या पद्धतीच्या तबकडीत फार तर १५ चित्रांनी पुन्हा एक पूर्ण चित्र येते. तुम्ही 'वरीलप्रमाणे'च्या ओळीवर वही फाडली, तर खालच्यास गाव कोणते हे कसे कळावे? लॉसलेसकट चित्राचा दर्जा मुळीच न बिघडविता कापते, परंतु त्यासाठी काप पूर्ण चित्रापाशीच घ्यावा लागतो. तेव्हा अर्धा-पाऊण सेकंद इकडेतिकडे होणार हे गृहीत धरावे. अगदी नेमक्या जागी कापावयाचे असेल, दोन प्रसंग जोडावयाचे असतील किंवा आरंभी देवनागरीत नावे व तारीख घालावयाची असेल, तर शॉटकट वापरावे.

कसे कापावे हे यंत्र सांगेल. काय कापावे हे ते सांगत नाही. ह्याविषयी आमचे मत स्पष्ट आहे. लग्नाची तीन तासांची फीत अर्ध्या तासात पाहता यावी ही इच्छा रास्त आहे. तशी लहान प्रत जरूर करावी. परंतु पुष्कळ घरांत पहिली कात्री कोठे चालते? जेवणाच्या पंगतीवर आणि भेटवस्तू द्यावयास आलेल्या लोकांच्या रांगेवर. "कोण पाहतो हे," असे म्हणून ती टाकून देतात, आणि नवरानवरीचे गुलाबाच्या चौकटीत फिरणारे चित्र तेवढे ठेवितात. वास्तविक त्या पंगतीत साऱ्या गावाची हजेरी लागलेली असते. भाकरी थापणाऱ्या शेजारणी, वाढणारी पोरे, कोपऱ्यात उकिडवा बसलेला सालगडी, दुरून आलेली विधवा आत्या; ह्यांतील कित्येकांचे दुसरे चालतेबोलते चित्र साऱ्या जगात नाही. ज्यांच्या घरी कॅमेरा कधी आला नाही ती माणसे तुमच्याच तबकडीत आहेत. तुम्ही त्यांस कापलेत तर ती कायमची गेली. श्रीमंत सोयऱ्याचे दर्शन ठेवून गरिबाचे काढणे, किंवा पुढे भांडण झाले म्हणून भावाच्या मुलाबाळांस चित्रातून वगळणे, हे तर आम्ही उघड अन्याय समजतो. भांडणे मिटतात, कापलेले मिटवून आणता येत नाही. म्हणून लहान प्रत करा, पण पूर्ण नक्कल कोणाच्याही कात्रीपासून दूर ठेवा.

स्टुडिओवाल्याने चित्रावर घातलेल्या सिनेमाच्या गाण्यांविषयीही विचारणा होते. गाणे वर चढविताना त्याने मूळ आवाज पुसला असेल, तर तो परत येणे नाही. जेथे मूळ आवाज शिल्लक आहे, तेथे तो मुळीच काढू नये. गोंगाट असला तरी असू द्यावा. त्या गोंगाटातच ओव्या आहेत, हाका आहेत, म्हाताऱ्यांचा खोकला आहे. आवाज वेगळा काढून तेवढाच जपावयाचा असेल तर ऑडॅसिटी नावाचे आणखी एक मुक्त साधन आहे.

हक्काविषयी दोन शब्द. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे, मोबदला देऊन आपल्या सांगण्यावरून काढून घेतलेल्या चित्रफितीचा पहिला हक्कदार, उलट करार नसेल तर, ती काढून घेणाराच होय. तेव्हा आपल्या लग्नाच्या तबकडीची नक्कल करण्यास कोणास भिण्याचे कारण नाही. त्यावर चढविलेली सिनेमाची गाणी मात्र आपली नव्हेत; फीत घरात पाहणे वेगळे आणि ती गाण्यांसह जाहीरपणे इंटरनेटवर टाकणे वेगळे. बाजारी चित्रपटांच्या तबकड्यांना कुलूप असते. आपल्या घरगुती तबकड्यांना ते नसते. ते कुलूप फोडण्याच्या वाटेस जाऊ नये. २०१२ च्या दुरुस्तीने कायद्यात त्यासाठी शिक्षेचे कलम आले आहे. आणि कायदा काही म्हणो, घरच्या लेकीसुनांचे नाचणे-गाणे त्यांस न विचारता कोणीही जगासमोर मांडू नये. त्या वेळी त्या आपल्या माणसांत होत्या म्हणून मोकळ्या होत्या.

एवढे झाले तरी एक काम उरते, आणि ते कोणत्याही सॉफ्टवेअरला येत नाही. फाइल तयार झाली की एखाद्या रविवारी दुपारी घरातील सर्वांत वयस्कर माणसास समोर बसवावे आणि वही-पेन घेऊन धाकट्याने शेजारी बसावे. "आजी, हे पागोटेवाले कोण? ह्या बाई कोणाच्या?" असे विचारीत, कोणत्या मिनिटाला कोण दिसते ते लिहून काढावे. नाव, गाव, नाते, एवढे पुरे. आज आजीस सर्व ठाऊक आहे म्हणून ते लिहिण्याची गरज कोणास वाटत नाही. आणखी दहा वर्षांनी चित्र लख्ख असेल आणि त्यातील चेहरे अनोळखी झालेले असतील. फाइलीच्या नावातही आधी वर्ष, मग गाव, मग प्रसंग घालावा, म्हणजे त्या आपोआप क्रमाने लागतील. नावांच्या वहीचा मोबाइलने फोटो काढून तोही त्याच फोल्डरमध्ये ठेवावा.

शेवटी प्रतींविषयी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तो आपल्या हद्दीपासून दूर नव्हता. दगडमातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या, आणि मेलेल्यांची छायाचित्रे त्याच भिंतींवर टांगलेली होती. माणसे गेली आणि कित्येक घरांत त्यांची आठवण म्हणून पाहावयास एक कागदही राहिला नाही. ह्यातून एवढे शिकावे, की दोन प्रती एका घरात म्हणजे एकच प्रत. एक आपल्याकडे ठेवावी आणि दुसरी लेकीच्या सासरी, किंवा पुण्याहैद्राबादेस नोकरीस असलेल्या मुलाकडे ठेवावी. मोबाइलवरून व्हॉट्सॲपने पाठविलेली फीत ही प्रत समजू नये; पाठविताना ती फार बारीक केली जाते. पेन ड्राइव्ह व हार्ड डिस्क ह्याही अमर नाहीत. म्हणून वर्षातून एकदा दोन्ही प्रती लावून पाहाव्या आणि पाच-सात वर्षांनी नव्या साधनावर उतरवाव्या.

ह्या तपासणीसाठी दिवस कोणता ठरवावा, असे विचाराल तर आम्ही २ नोव्हेंबर सुचवितो. त्या मृतांच्या दिवशी आपण कबरस्तानात जातो, कबरी झाडतो, फुले वाहतो, मेणबत्ती लावतो. घरी परतल्यावर तासभर ही फीत सर्वांनी मिळून पाहावी. चालते की नाही हेही कळेल, आणि ज्यांच्यासाठी सकाळी प्रार्थना केली ते नातवंडांस हसताना-बोलताना दिसतील. पेटी मात्र तोपर्यंत थांबू नका. ह्याच आठवड्यात उघडा, तबकड्या बाहेर काढा, आणि ज्या पोराच्या हाती दिवसभर मोबाइल असतो त्यालाच हे काम सांगा. तो ते तुमच्याआमच्यापेक्षा लवकर शिकेल.